व्याह्यांचा माल

माती तुडवताना बोलायचे नाही, असा त्या घराचा पूर्वापार दंडक होता. श्वास पायांत उतरावा, जिभेवर खर्ची पडू नये, एवढाच त्यामागचा हेतू असावा. परंतु त्या सकाळी भट्टीवाली गुडघाभर चिखलात उभी राहून बोलत होती, आणि तिच्या शब्दाशब्दागणिक तो चिखल पायांखाली कण्हत होता.

“विचारलंत का त्यांना?”

नवरा साच्यापुढे उकिडवा बसला होता. लाकडी साच्याला आतून राख लावायची, चिखलाचा गोळा दोन्ही हातांनी उचलून त्यात आपटायचा, वर उरलेला चिखल पट्टीने कापायचा आणि साचा उलटा करून अलगद वर घ्यायचा. मागे राहिलेली ओली वीट नुकत्या जन्मलेल्या जिवासारखी चमकत असे, आणि तिच्याकडे क्षणभर पाहिल्यावाचून तो पुढच्या गोळ्याला हात घालत नसे. गावात त्याला मौनीबाबा म्हणत. त्या नावाला तो जागत असे.

“कुणाला?” तो म्हणाला.

“कुणाला म्हणून काय विचारता? तुमच्या व्याह्यांना! चार दिवस म्हणाले होते. चार दिवसांत मेलेल्या माणसाची राखसुद्धा गार होते.”

“बोलतो.”

“कधी?”

“बोलतो म्हटलं ना.”

ती चिखलातून बाहेर आली. पोटऱ्यांवरचा चिखल तिने हाताने निपटून पुन्हा खड्ड्यात टाकला, कारण रागातही माती वाया घालवण्याची तिची वृत्ती नव्हती. मग तिने अंगणाच्या पलीकडच्या अर्ध्या भागाकडे पाहिले.

तिथे प्लास्टिकचे गठ्ठे होते. तारांनी करकचून बांधलेले, माणसाच्या उंचीचे, एकावर एक चढवलेले. बाटल्या, पिशव्या, डबे, वेष्टने दाबून दाबून त्यांच्या भिंती झाल्या होत्या, आणि ऊन तापू लागले की त्या भिंतींतून आंबूस, तेलकट वास सुटून घरभर पसरे.

वीट ही घाईची वस्तू नव्हे. थापल्यावर ती आधी पाठीवर निजून वाळते. मग तिला कुशीवर वळवावे लागते. आणि दोन्ही अंगांनी ती कणखर झाली की मध्ये वाऱ्यापुरती फट राखून तिच्या रांगा रचतात. या प्रत्येक अवस्थेला मोकळी, सपाट, उन्हाची जागा लागते. अंगणाचा ऐन उन्हाचा भाग गठ्ठ्यांनी व्यापल्यापासून मौनीबाबा विटांना पुरते निजू देत नव्हता. जागा करण्यासाठी त्यांना अवेळी उठवून उभे करीत होता. त्यामुळे विटा कमरेत वाकत होत्या. भट्टी रचायला पुरेल एवढा कोरडा माल अजून जमला नव्हता, आणि हंगामातली ही एकच भट्टी त्या घराला वर्षभर जगवणार होती.

हे सारे सुरू झाले एका चांगल्या गोष्टीपासून. आदल्या वर्षी पंचायतीने नियम केला होता: ओला कचरा एका डब्यात, काच आणि कागद दुसऱ्यात, आणि प्लास्टिक धुऊन, वाळवून, घडी घालून तिसऱ्यात. न धुतलेले प्लास्टिक परत केले जाईल. जो कचरा जाळील त्याला दंड. पंचायतीचे अध्यक्ष म्हणजे भट्टीवालीच्या एकुलत्या एका लेकीचे सासरे. सून शिकलेली, गोड बोलणारी. तिलाच त्यांनी घरोघर पाठवले. ती प्रत्येक चुलीपुढे बसली, पिशवी कशी उलटी करायची, कशी खंगाळायची, कशी दोरीवर टांगायची ते तिने हाताने करून दाखवले. ज्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी उतारावरच्या टाकीपर्यंत जावे लागे, त्याही तिच्या शब्दाखातर दुधाच्या पिशव्या धुऊ लागल्या.

पहिल्याच आठवड्यात तिने आईचा डबा उघडला होता आणि साऱ्या आळीदेखत एक पिशवी बाहेर काढली होती.

“आई, ही परत घे. वास येतोय हिला.”

“अगं, घरची म्हणून सोड की एखादी.”

“घरची म्हणूनच सोडता येत नाही.”

शेजारीण उंबऱ्यात उभी होती. “ऐकलं का हो,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आई नापास झाली लेकीच्या परीक्षेत!”

भट्टीवाली दिवसभर फणफणली. पण संध्याकाळी तिने ती पिशवी धुतली, आणि धुण्याचे पाणी मातीच्या खड्ड्यात ओतले. तेव्हापासून तिची एकही पिशवी परत आली नाही. लेकीचा तो ताठ कणा तिला मनातून आवडला होता. फक्त तसे बोलून दाखवायचे नव्हते.

मग माल नेणाऱ्या कारखान्याची गाडी यायची थांबली. का थांबली, हे अध्यक्षांनी कुणाला सांगितले नाही. पंचायतीच्या शेडमध्ये गठ्ठे छताला भिडले. आणि एके दिवशी अध्यक्ष स्वतः भट्टीवर आले. इस्त्रीचे कपडे, हातात रुमाल, चेहऱ्यावर सोयरिकीचे हसू.

“व्याही, चार दिवस आमचा माल तुमच्याकडे टेकवतो. तपासणीचं पथक यायचंय. दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं, पण आपलीच जागा म्हणून हक्कानं आलो.”

मौनीबाबाने मान हलवली. एवढे एक वेळ समजण्यासारखे होते. परंतु गठ्ठे उतरल्यावर त्याने घरातली ताडपत्री बाहेर आणली. कच्च्या विटांवर घालायची, घरात होती ती एकुलती एक. आणि त्या गठ्ठ्यांवर ती पसरून तिची टोके दोरीने बांधली.

“अहो, काय करताय!” भट्टीवाली धावत आली.

“लेकीच्या सासरचा माल उघडा कसा टाकायचा?”

“कचरा आहे तो!”

“असेना. त्यांचा आहे.”

लग्नाच्या मांडवात वरपक्षाच्या चपलासुद्धा सावलीत ठेवणारा तो माणूस. मुलगी दिली त्या दिवशी त्याची मान जी वाकली, ती त्याने पुन्हा सरळ करून पाहिली नव्हती.

*

“तुम्ही बोलत बसा,” असे म्हणून त्या सकाळी भट्टीवाली तशीच निघाली. पाय धुतले, पण नखांतली माती निघाली नाही.

अध्यक्षांचे घर गावाच्या उंच टोकाला होते. ओसरीवर फरशी होती. पहिल्या पायरीवर तिने पाय ठेवला, तोच विहीणबाईंचा आवाज आला, “तिथंच थांबा हं जरा, विहीणबाई! आत्ताच पुसून घेतलंय. पाय वाळू द्या, मग या.”

ती पायरीवर उभी राहिली. ऊन डोक्यावर होते. लेक आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिने आईच्या हातात तो दिला, आणि खाली पाहत उभी राहिली. तिच्या मनगटावर बाटल्यांच्या काचेचे बारीक ओरखडे होते. आईने ते पाहिले. लेकीने पदराने झाकले.

अध्यक्ष बाहेर आले ते खुर्चीत बसले. तिला बसा म्हणाले नाहीत.

“काय काम काढलंत?”

“आमची जागा मोकळी करून हवी होती, दादा. विटा वाळत नाहीत. ढग येऊन जाताहेत, कधी काय होईल सांगता येत नाही.”

“या दिवसांत कुठला पाऊस? आणि हे बघा, पथक एक-दोन दिवसांवर आलंय. शेड रिकामी दिसली की काम पुरं झालं, एवढंच त्यांना हवं असतं. मी रंग दिलाय आतून.” ते हसले. “आणि खरं सांगू का? उघड्यावर प्लास्टिक साठवणं हा नियमाप्रमाणे गुन्हाच आहे. कुणी तक्रार केली तर दंड जागेच्या मालकाला. म्हणजे तुम्हाला! मीच स्वतःला आवरून धरलंय म्हणा.”

हा विनोद होता. विहीणबाई आतून हसल्या. भट्टीवालीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तोंडात आलेला शब्द तिने तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळला, कारण लेक दाराआड उभी होती, आणि इथे उच्चारलेल्या प्रत्येक शब्दाची किंमत आपण निघून गेल्यावर कोण चुकवणार, हे तिला पुरते ठाऊक होते.

“येते,” ती म्हणाली.

“अहो, चहा घ्या की!”

“पाय वाळले नाहीत अजून.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी लेक भट्टीवर आली. हवा थांबली होती. पश्चिमेला काळवंडले होते, आणि त्या काळोखाकडे पाहत मौनीबाबा विटा कुशीवर वळवीत होता, एका हाताने, दुसऱ्या हाताने, पुन्हा पहिल्या हाताने, पाठीचा कणा न उचलता. पडवीत बाजेवर भट्टीवालीची सासू पडली होती. आयुष्यभर भट्टीचा धूर गिळून तिची छाती भात्यासारखी वाजत असे.

लेक आजीच्या पायांशी बसली.

“बोल,” आई म्हणाली. “निरोप घेऊन आलीस, ते चेहऱ्यावर दिसतंय.”

“मामंजी म्हणाले…” ती थांबली. “म्हणाले, भट्टी लावाल तेव्हा सरपणाबरोबर थोडं थोडं तेही जाळून टाका. चांगलं पेटतं म्हणे. जागाही होईल, आणि तुमचं सरपणही वाचेल.”

भट्टीवालीच्या हातातली वीट खाली पडली नाही. तिने ती सावकाश, जपून, रांगेत ठेवली. मग ती सरळ झाली.

“काय जाळा?”

“आई…”

“जाळील त्याला दंड, हे कोण सांगत फिरलं घरोघर? कोपऱ्यावरच्या म्हातारीनं चुलीत एक वेष्टन घातलं तर तिला सगळ्या गावासमोर उभी कुणी केली? त्यांनी! आणि आता माझ्या भट्टीत? माझ्या घरावर धूर?”

“मला सांगायला लावलं त्यांनी.”

“आणि तू आलीस सांगायला!”

बाजेवरून खोकल्यात गुंडाळलेला आवाज आला. “मी लाकडाचा धूर गिळला, भुशाचा गिळला, तुझ्या आजोबांच्या बिडीचा गिळला. हा कुठला म्हणालीस? नाही, मरताना विचारलं कुणी तर सांगता यावं.”

लेक उठली. गठ्ठ्यांपाशी जाऊन तिने सरपण तोडण्याच्या कोयत्याने एका गठ्ठ्याची तार तोडली. दाबून ठेवलेला माल फुगून बाहेर आला आणि तिच्या पायांवर सांडला. तिने गुडघे टेकले.

पिशव्या स्वच्छ होत्या. एकेक उलटी करून धुतलेली, वाळवलेली, चौकोनी घडी घातलेली. ही घडी तिनेच शिकवली होती. एका घडीला कुणीतरी दोऱ्याची गाठ मारली होती, सुटू नये म्हणून.

“ही शिंपीणकाकूंची,” ती म्हणाली. “त्यांना दोऱ्याशिवाय करमत नाही. त्यांच्याकडं पाणी एक दिवसाआड येतं. मी त्यांना म्हणाले होते, काकू, ह्याचं पुन्हा काहीतरी होईल. नवं काहीतरी होईल. मी बायकांना शपथेवर सांगितलं होतं, आई.”

तिचा आवाज रडका नव्हता. आईने लेकीच्या तोंडी असा कोरडा, धारदार आवाज पूर्वी ऐकला नव्हता, आणि आपलाच आवाज तिच्या गळ्यातून निघतो आहे, असे तिला वाटले.

त्याच वेळी वाऱ्याने अंगणातली राख उचलून सगळ्यांच्या डोळ्यांत फेकली. पश्चिमेकडून मातीचा वास आला. वीट थापणाऱ्याला त्या वासात आनंद नसतो.

“ताडपत्री!” मौनीबाबा ओरडला.

तिघांनी मिळून ती गठ्ठ्यांवरून ओढली. ती फाटत फाटतच आली. तारांच्या टोकांनी तिला जागोजाग भोसकले होते. उजेडासमोर धरली तर ती चाळणीसारखी दिसत होती. मौनीबाबाने ती दोन्ही हातांत धरली आणि तो तसाच उभा राहिला. टपोरा एक थेंब रांगेतल्या विटेवर पडला, आणि तिच्या अंगावर देवीच्या व्रणासारखा खड्डा उमटला.

“आत न्या, घरात न्या,” तो पुटपुटला.

“घरात किती मावणार? आजीची बाज बाहेर काढायची का?” लेक म्हणाली. क्षणभर तिने डोळे मिटले. मग गोळा केलेला माल ठेवण्यासाठी तिच्याकडेच असलेली पंचायतीच्या शेडची किल्ली कमरेवरून काढली. “शेड रिकामी आहे.”

“नको,” बाप म्हणाला. “नको गं पोरी. तुला तिथं राहायचंय.”

“बाबा, त्यांचा माल तुमच्या अंगणात आहे. तुमचा त्यांच्या शेडमध्ये राहील. सोयरीकच आहे ना?”

त्याने बायकोकडे पाहिले. भट्टीवाली केव्हाच हातगाडी भरू लागली होती.

*

शेड हाकेच्या अंतरावर होती. आतून पोपटी रंगाचा वास येत होता, फरशी आरशासारखी होती. लेकीने कुलूप काढून दार पुरते उघडले. पहिली हातगाडी आत शिरली तेव्हा तिच्या चाकांनी त्या फरशीवर चिखलाच्या दोन रेघा ओढल्या.

कच्ची वीट फेकता येत नाही, घाईने रचता येत नाही. दोन तळव्यांत तान्ह्यासारखी धरूनच ती खाली ठेवावी लागते. म्हणून वर आभाळ फाटत असताना ती तिघे पायांनी धावत होती आणि हातांनी सावकाश होती. भट्टीवाली डोक्यावर फळी घेऊन येत होती. मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ, ओठ घट्ट मिटलेले. तिसऱ्या खेपेला कुणीतरी तिची फळी उतरवून घेतली. ती शेजारीण होती.

“तू कशाला आलीस?”

“तू नापास होताना पाहिलं, पास होताना नको पाहायला?” ती म्हणाली. “सरक. ओझं माझ्याकडं दे.”

पाऊस खरोखर आला तेव्हा निम्म्याहून अधिक विटा आत आल्या होत्या. बाकीच्यांचे काय होते आहे, हे पाहायला कुणी मागे वळले नाही.

छत्रीखाली अध्यक्ष आले. दारातच थबकले.

“हे काय चाललंय? कुणी उघडली शेड?”

“मी,” लेक म्हणाली. तिचे केस कपाळाला चिकटले होते, हात कोपरापर्यंत मातीचे होते.

“पथक वेशीपाशी आलंय! आत्ता! सूनबाई, अक्कल गहाण ठेवलीस का? काढा हे सगळं बाहेर.”

“पावसात?” भट्टीवाली म्हणाली.

“तुमच्या विटांचं मला काय—”

“तेच तर. तुम्हाला काय!” तिने फळी खाली ठेवली. इतक्या दिवसांचा गिळलेला शब्द आता वर आला, आणि तिने त्याला अडवले नाही. “आमच्या अंगणात तुम्ही कचरा टाकलात, आम्ही त्याला ताडपत्री घातली. तुमच्या पायरीवर उन्हात उभी राहिले, मी तुम्हाला दादा म्हटलं. वर तुम्ही दंडाची थट्टा केलीत. आणि माझ्या लेकीच्या तोंडून मला विष जाळायला सांगितलंत. तिच्या तोंडून! स्वतःच्या तोंडानं सांगायला लाज वाटली म्हणून ना?”

अध्यक्षांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. पण बाहेर मोटारीचे दार वाजले, आणि त्यांचा चेहरा पाहता पाहता बदलला. कपाळावरची आठी रुमालाने पुसावी तशी पुसली गेली.

पथकाचे साहेब डोक्यावर कागद धरून आत आले. पाठोपाठ एक बाई आणि फोटो काढणारा. साहेबांनी विटांच्या रांगांकडे पाहिले, मग पोपटी भिंतींकडे.

“हे काय आहे?”

“स्थानिक रोजगार, साहेब!” अध्यक्ष म्हणाले. एक क्षणही अडखळले नाहीत. “पंचायतीच्या कुंपणभिंतीसाठी गावातल्याच कारागिरांच्या विटा घेतोय. पाऊस आला म्हणून आसरा दिला. गरीब माणसं आहेत.”

“वा, फारच छान.” साहेबांनी फोटोवाल्याला खूण केली. “आणि गोळा केलेलं प्लास्टिक?”

“रवाना झालं.”

“कुठं?”

भट्टीवालीने श्वास घेतला. पण तिच्याआधी तिच्या मागून आवाज आला, इतका अनोळखी की तिनेही वळून पाहिले.

“माझ्या अंगणात,” मौनीबाबा म्हणाला.

छपरावर पाऊस वाजत राहिला.

“यांचं बोलणं मनावर घेऊ नका, साहेब,” अध्यक्ष हसले. “आमचे व्याहीच आहेत. थोडे भोळे—”

“चला साहेब, मी दाखवते,” लेक पुढे झाली. “जवळच आहे.”

“सूनबाई.” अध्यक्षांनी आवाज खाली आणला, हसू ओठांवर तसेच होते. “तू आधी घरी चल.”

“आधी हे दाखवते, मामंजी. मग तुम्ही म्हणाल तिथं येते.” ती उंबऱ्याशी थांबली. “घेतलंत घरात तर.”

आणि ती पावसात उतरली. साहेबांनी एकदा आपल्या बुटांकडे पाहिले, एकदा अध्यक्षांकडे. मग पँट वर खेचून ते तिच्यामागे निघाले. अध्यक्षांनी त्यांच्या डोक्यावर धरायला छत्री पुढे केली, परंतु वाऱ्याने ती उलटी झाली, आणि ते तिच्याशी झटत मागेच राहिले.

भट्टीवाली अंगणात पोहोचली तेव्हा पाऊस ओसरत होता. गठ्ठे पाण्याने निथळत, आणखी स्वच्छ होऊन चमकत होते. लेक तोडलेल्या गठ्ठ्यापाशी उभी राहून एकेक घडी उलगडून दाखवीत होती, आणि त्या घरांची नावे सांगत होती. पथकातली बाई मान हलवीत नव्हती. नुसती ऐकत होती.

भट्टीवालीने अलीकडच्या अर्ध्या भागाकडे पाहिले. दुपारपर्यंत जिथे रांगा होत्या, तिथे आता कडा विरघळलेले, एकमेकांत मिसळत चाललेले तांबूस उंचवटे होते. नवऱ्याने थापून क्षणभर ज्यांच्याकडे पाहिले होते, त्यांतली एकही आता निराळी ओळखता येत नव्हती. साहेब नीट दिसावे म्हणून सरकत सरकत मागे आले होते. त्यांचा बूट घोट्यापर्यंत रुतला होता आणि ते तो दुसऱ्या एका उंचवट्यावर घासून पुसत होते.

ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“साहेब, पाय काढा,” ती म्हणाली. “हा चिखल नाही. विटा आहेत.”